ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आम्ही वर्गात वर्षानुवर्षं जो विषय शिकवला, तो कार्यकारणभावाचा. अमुक घडलं ते कशामुळे घडलं, आणि काय वेगळं असतं तर ते टळलं असतं, हाच तो प्रश्न. आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. दसरा-दिवाळी झाली की तो रस्त्यावर येतो.

इथून दर हंगामाला लाखोंनी माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि संसार ट्रॉलीत चढतो. तिकडे गेल्यावर दिवसभर तोडलेला ऊस त्याच ट्रॉल्यांमधून कारखान्याला जातो. म्हणजे आपल्या माणसांचे पाच-सहा महिने या वाहनाच्या आत, वर, किंवा आजूबाजूला जातात. तेव्हा मागे जड ओझं जोडलेलं वाहन सुरक्षित कसं चालवायचं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत असलं पाहिजे.

ओझ्याचं माप कोणतं?

ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न असतो, "किती एचपीचा?" दुसरा, "किती टन ओढतो?" दोन्ही प्रश्न ओढण्याचे आहेत. "किती टन थांबवतो?" हे विचारलेलं आम्ही फारसं ऐकलं नाही. आजच्या व्याख्यानाचं सार एका वाक्यात सांगायचं तर हे: ओझ्याचं खरं माप ओढण्याच्या ताकदीवर ठरत नाही, थांबवण्याच्या ताकदीवर ठरतं.

का ते हिशेबाने पाहू. आकडे समजायला सोपे धरतो. पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर, वजन सव्वादोन टन. मागे दोन ट्रॉल्या, उसासकट वीस टन. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत, जे आपल्याकडे सर्रास दिसतं.

आता ब्रेक कुठे लागतो? साध्या ट्रॅक्टरला तो फक्त मागच्या दोन चाकांना असतो. त्या चाकांवर ट्रॅक्टरचं साधारण दोन तृतीयांश वजन, म्हणजे दीड टन येतं. टायर रस्त्याला किती घट्ट धरतो, हे त्याच्यावर किती वजन आहे यावर ठरतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर दीड टनामागे साधारण एक टनाची पकड मिळते असं धरू. ब्रेक कितीही चांगला असला तरी याहून जास्त रोखण्याचं बळ मिळणार नाही. चाक जाम होईल आणि टायर घसरत जाईल.

म्हणजे बावीस टनांच्या वस्तुमानाला एक टनाच्या पकडीने थांबवायचं आहे. सपाट रस्त्यावर, ताशी वीस किलोमीटर वेगाला, एकटा ट्रॅक्टर चारेक मीटरमध्ये उभा राहतो. या हिशेबाने जोडट्रॉलीसह त्याला पंचवीस मीटर लागतात. ट्रॅक्टर तोच, ब्रेक तोच, ड्रायव्हरही तोच.

वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ताशी चाळीसला हेच पंचवीस मीटर शंभर मीटर होतात. शिवाय माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो सेकंद जातो, त्यात आणखी अकरा मीटर जातात. समोर अचानक मोटारसायकल आली, तर शंभर मीटर कुठून आणायचे?

चढ नाही म्हणतो, उतार म्हणत नाही

आता घाटात येऊ. बीड जिल्ह्याचे बालाघाटाने दोन भाग केले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. धारूर वर आहे, तेलगाव खाली. धारूरचा घाट अरुंद आणि वळणांचा. आणि तेलगावला साखर कारखाना आहे, त्यामुळे वरचा ऊस तिकडे न्यायचा तर भरलेलं वाहन हा घाट उतरणार, आणि रिकामं झालेलं चढणार. मांजरसुंब्याच्या घाटाचाही अनुभव अनेकांना असेल.

समजा उतार पंधरात एक आहे, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली. अशा उतारावर बावीस टनांचं वाहन सुमारे दीड टन जोराने स्वतःला खाली ढकलत असतं. चाकांचा आणि रस्त्याचा विरोध त्यातला तीन-चारशे किलो खाऊन टाकतो. उरला अकराशे किलोचा ढकला. आणि आपली पकड किती होती? एक टन. म्हणजे सगळी पकड वापरली तरी वाहन जेमतेम धरून ठेवता येईल, किंवा तेही नाही. थांबवण्यासाठी शिल्लक काहीच नाही. त्यात रस्ता ओला असला, किंवा पाचट आणि चिखल पडलेला असला, की पकड आणखी घटते.

यावर कोणी म्हणेल, "इंजिनाचा ब्रेक असतो की, गाडी गिअरमध्ये ठेवायची." ठेवायचीच, ते अत्यंत आवश्यक आहे. कारण पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि दमतो, इंजिन तसं दमत नाही. पण एक गोष्ट विसरू नका. इंजिनाचा रोधही त्याच मागच्या दोन टायरांतून रस्त्यापर्यंत पोहोचतो. पकड तीच, एक टन. दोन नोकर ठेवले तरी दोघांना पगार एकाच पाकिटातून द्यायचा आहे.

आता चढाचा विचार करा. हेच ओझं घेऊन ट्रॅक्टर चढाला लावला तर काय होतं? चाकं जागेवर फिरतात, इंजिन दबतं, किंवा पुढची चाकं उचलली जातात. यंत्र स्वतः सांगतं, की हे मला झेपत नाही. ड्रायव्हरला ऐकावंच लागतं. एक ट्रॉली सोडून दुसरी खेप करतात, नाहीतर पुढे आणखी एक ट्रॅक्टर जुंपतात.

उतारावर मात्र यंत्र नाही म्हणत नाही. इंजिन हलकं चालतं, गाडी सुरेख पळते, सगळं ठीक चाललंय असं वाटतं. ओझं जास्त आहे हे कळतं ते पहिल्या अवघड वळणावर, आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून उताराला नाही म्हणण्याची जागा घाटमाथ्यावर आहे. तिथे यंत्र गप्प असतं, माणसालाच बोलावं लागतं.

घाटमाथ्यावर करायच्या गोष्टी अशा. गाडी थांबवा. ज्या गिअरमध्ये हे ओझं चढवलं असतं, त्या किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायला सुरुवात करा. मध्येच गिअर बदलू नका. क्लच दाबला की इंजिनाचा रोध सुटतो, गाडी वेग घेते, आणि पुढचा गिअर पडेलच याची खात्री नसते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे लोक आहेत. त्यांनी वाचवलेलं डिझेल चमच्याने मोजावं आणि समोर बावीस टन ठेवावेत. आणि हिशेबात ओझं बसतच नसेल, तर ट्रॉल्या सुट्या करून एकेक उतरवाव्यात. वेळ दुप्पट जातो, हे आम्हाला मान्य आहे.

दोन पेडल, एक पिन

काही लहान गोष्टींवर फार मोठ्या गोष्टी टांगलेल्या असतात. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळी. शेतात तासाच्या टोकाला वळताना एकच दाबून गर्रकन वळता येतं, म्हणून ती सोय. पण रस्त्यावर ही दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडलेलीच पाहिजेत. ती सुटी राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलून दुमडते. शेतातून रस्त्यावर चाक लागायच्या आधी ही पट्टी बघायची. तिथेच डिफरन्शियल लॉकही सोडलेला आहे ना, ते बघायचं.

मग जोड. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. जोड जितका उंच, तितकी चढावर किंवा झटका देताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्याची शक्यता जास्त. ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहून उलटायला सेकंद-दोन सेकंद पुरतात. पिन योग्य जाडीची असावी, तिला खिट्टी असावी, आणि पिन तुटलीच तर ट्रॉली मोकाट सुटू नये म्हणून वेगळी साखळी असावी. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही जोडांना. पिनेऐवजी सळईचा तुकडा घालून वर "आजवर काही झालं नाही" म्हणणारा माणूस भेटतो. तर्कशास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत. सळई रोज थोडी थोडी झिजत असते. आजवर काही झालं नाही याचा अर्थ एवढाच, की तुटायचा दिवस अजून उगवलेला नाही.

भरणीचंही तंत्र आहे. मोळ्यांची थप्पी जितकी उंच, तितकी ट्रॉली वळणावर कलंडायला सोपी. भरणी दोन्ही बाजूंना सारखी हवी, आणि वजन ट्रॉलीच्या मागच्या टोकाला नको. मागे वजन झालं की वेगात ट्रॉली नागमोडी चालायला लागते, आणि जोडट्रॉलीत शेवटची ट्रॉली सर्वांत जास्त हलते. असं हलणं सुरू झालं तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंगने झटापटही करायची नाही. रेस सोडून वेग हळूहळू उतरू द्यायचा.

दुष्काळी वर्षांत आपल्याकडे ट्रॅक्टरमागे पाण्याच्या टाक्या फिरतात. त्यांच्याबद्दल एक लक्षात ठेवा: पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी भरलेली टाकी दगा देते. पाणी आत हिंदकळतं, ब्रेक लावला की पुढे धावतं, वळलं की बाहेरच्या बाजूला. आडव्या पट्ट्या नसलेली अर्धवट टाकी घेऊन वळण घ्यायचं तर माणसाच्या चालण्याच्या वेगानेच घ्यावं.

पिकअपच्या मागे ट्रॉली

अलीकडे गावोगाव डिझेल पिकअप आले आहेत, आणि त्यांच्या मागे काहीबाही बांधून ओढण्याचा मोह होतो. इथे परदेशातली पद्धत माहीत असणं उपयोगाचं आहे. अमेरिकेत पिकअपच्या मागे मोठा ट्रेलर ही रोजची गोष्ट. पण तिथे कंपनी प्रत्येक गाडीसाठी किती वजन ओढायचं याचा आकडा देते. एका सांध्यावर ओढल्या जाणाऱ्या साध्या ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन जोडावर यावं, असा नियम पाळतात, म्हणजे ट्रेलर डोलत नाही. आणि अनेक राज्यांत सुमारे दीड टनापुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. मागचं ओझं मागच्या ब्रेकने थांबवायचं, हे तिथे गृहीत आहे.

आपल्या पिकअपच्या कागदपत्रांत ओढण्याचा आकडा दिलेला नसेल, तर त्याचा सरळ अर्थ घ्यावा, की ती गाडी पाठीवर ओझं न्यायला केलेली आहे, मागे ओढायला नाही. इंजिनात जोर आहे म्हणून हुक वेल्ड करून घेता येतो, पण ब्रेक, चेसी, क्लच यांना तो हुक माहीत नसतो. हेच ट्रॅक्टरच्या पंपाची सेटिंग वाढवून घेणाऱ्यांनाही लागू आहे. पंप वाढवला की ओढण्याची ताकद वाढते. थांबवण्याची तेवढीच राहते. म्हणजे दोहोंतलं अंतर आपण पैसे देऊन वाढवून घेतलेलं असतं.

रात्रीचा रस्ता

ट्रॉलीच्या ड्रायव्हरला जो अपघात जाणवतही नाही, तो मागून होतो. अंधारात बिघडून उभी असलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला. त्याला ट्रॉली दिसते तेव्हा समोर ऊस असतो, दुसरं काही नसतं.

हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांवर लाल रिफ्लेक्टर आणि कापडी पट्ट्या लावण्याच्या मोहिमा होतात, त्या चांगल्याच आहेत. पण धूळ आणि चिखल आठवड्यात त्या पट्टीला मातीच्या रंगाची करतात. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने ती पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे. शेवटच्या ट्रॉलीला मागचा दिवा चालू हवा. गाडी बंद पडली तर शक्य तितकी रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि मागे बऱ्याच अंतरावर खूण ठेवावी. चाकामागे लावलेला दगड निघताना बाजूला काढावा, तो रस्त्यावर सोडला की पुढच्या मोटारसायकलीसाठी सापळा होतो. आणि मोठ्या आवाजातली गाणी. रात्री जागं राहायला ती लावतात हे आम्हाला कळतं, पण त्या आवाजात मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही आणि पिनेचा खडखडाटही नाही.

पाच कारणं

आता आमच्या मूळ विषयाकडे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा घेतात. आम्ही आजच्यापुरता तो जिथे कर्म घडतं तो आधार असा घेतो, म्हणजे रस्ता. कर्ता म्हणजे चालवणारा. करण म्हणजे साधनं: ट्रॅक्टर, ट्रॉली, ब्रेक, पिन. चेष्टा म्हणजे नाना क्रिया: भरणी, गिअर, वेग. आणि पाचवं दैव.

क्रम पाहा. दैव शेवटी आहे. आपल्याकडे अपघात झाला की आपण ते पहिल्यांदा उच्चारतो. "नशिबातच होतं" म्हटलं की बाकीची चार कारणं चौकशीतून सुटतात. किंवा सगळं कर्त्यावर ढकलतो, "ड्रायव्हर पिलेला असेल." मग रस्ता, यंत्र आणि भरणी सुटतात.

आणि कर्ता तरी एकटा कुठे असतो? वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता ठरलेला. मजुरांना दिलेली उचल बुडण्याची भीती. हंगाम मोजक्या महिन्यांचा. प्रत्येक खेपेत दोन टन जास्त भरले तर हप्ता निघतो, हे गणित ड्रायव्हरच्या शेजारी न दिसता बसलेलं असतं. मोटार वाहन कायद्यात, २०१९च्या दुरुस्तीनंतर, जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण प्रत्येक खेपेचं वजन आधीच कुठे नोंदलं जातं? कारखान्याच्या काट्यावर. तिथे आकडा पैशासाठी वाचला जातो. तोच आकडा सुरक्षेसाठीही वाचायचा ठरवला, तर नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही. ज्यांना वजन माहीत असतं, त्यांना जबाबदारीही असते, असं आमचं म्हणणं आहे.

काही प्रश्न

*एका श्रोत्याने विचारलं, फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला तर प्रश्न सुटेल का?*

कमी होईल, सुटणार नाही. पुढची चाकं जोडलेली असताना रोखण्याच्या कामात तीही भाग घेतात, म्हणून एक टनाची पकड दीड टनापर्यंत जाऊ शकेल. पण ओझं वीस टनांचंच आहे. खरा उपाय ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवणं हाच. कारण मग वीस टन वजनाखालची चाकंही रोखायला लागतात, आणि ओझं जितकं जास्त तितकी त्यांची पकडही जास्त.

*मालकच जास्त भर म्हणतो. ड्रायव्हरने काय करायचं?*

एकट्याने नाही म्हणणं अवघड आहे, हे मान्य. म्हणून नाही म्हणायचं ते हंगाम ठरतानाच, चार ड्रायव्हरांनी मिळून: घाटाच्या रस्त्यावर एकच ट्रॉली, आणि भरणीची खूण ट्रॉलीच्या सांगाड्यावर रंगाने. खेपेच्या वेळी वाद घालण्यापेक्षा रंगाची रेघ दाखवणं सोपं जातं. आणि मालकाला एक सांगावं, की जादा भरलेल्या गाडीच्या अपघातात विम्याचा दावा अडू शकतो, आणि मग हप्ता आणि भरपाई दोन्ही त्याच्याच दारात येतात.

*मागून एका बाईंनी विचारलं, सर, आम्ही मग कुठं बसायचं?*

बाई, आजच्या सभेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारलात. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यालाही मान्य नाही, आणि आतापर्यंतचा सगळा हिशेब ऐकल्यावर आपल्या बुद्धीलाही मान्य होऊ नये. भरलेल्या उसावर तर कधीच बसू नका, लेकरांना तर नाहीच. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडावर कुणी पाय ठेवू नये, आणि ड्रायव्हरशेजारी मडगार्डवरही बसू नये. पण "बसू नका" एवढं सांगून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. कारण गावातून निघताना तुमच्यापुढे दुसरी गाडी उभीच केलेली नसते. उचल ठरवताना दर ठरतो, कोयते ठरतात. त्याच बैठकीत जाण्या-येण्याची गाडीही ठरली पाहिजे: सामान ट्रॉलीत, माणसं बसमध्ये किंवा जीपमध्ये, आणि भाडं वाहतूकदाराकडे किंवा कारखान्याकडे. मुकादमाला हे आत्ता, निघायच्या आधी विचारा. एका कोयत्याने विचारलं तर तो हसेल, टोळीतल्या दहा कोयत्यांनी विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

यंदाच्या हंगामाला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यात पिना तपासून होतात, दिवे दुरुस्त होतात, आणि ही बोलणीही होतात. तेवढं करा.